पवित्र माणसाचे हात बांधले तेव्हा

आजारपणात मी एकंदर पाच जणांना मारलं, दोघांना चावलो आणि आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानाखाली जाळ काढला. पाळकसाहेब त्या वेळी माझ्याच डोक्यावर हात ठेवून माझ्यासाठी प्रार्थना करत होते. "हे प्रभू, तुझ्या या दासाच्या अंतःकरणात तुझी शांती..." इथवर आले होते. 'ओत' म्हणायचं राहिलं. ते त्यांनी नंतर, सोफ्याखालून चष्मा शोधून काढल्यावर, जरा लांब उभं राहून म्हटलं.

हसत लिहितोय, कारण हसल्याशिवाय हे मला लिहिता येत नाही. पण ज्यांनी मार खाल्ला ते तेव्हा हसत नव्हते. एखाद्या घरातला शांत माणूस अचानक हात उगारू लागतो आणि घरचे दार लावून कुजबुजत बसतात, 'यांना झालंय तरी काय?' अशा घरांसाठी हे लिहितोय. औषधांची नावं यात नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. मी कुठं कुठं चुकलो एवढंच सांगतो. त्या विषयात माझा अधिकार मोठा आहे.

आधीचा मी

मी प्रभाकर साळवे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मूळचे आम्ही नगरकडचे, पणजोबांपासून ख्रिस्ती. गेली बावीस वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतोय. मी, पत्नी सुहास, आणि कॉलेजात जाणारी मुलगी रूथ. दिल्लीतली आमची मराठी मंडळी छोटी आहे. कोणी गाझियाबादहून मेट्रोनं येतं, कोणी मानेसरच्या कारखान्यातली शिफ्ट सांभाळून येतं. महिन्यातल्या एका रविवारी, चर्चमधली हिंदी उपासना संपली की दुपारी आमची मराठी उपासना होते. दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकच भाकर मोडून खाणं.

प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्याला आम्ही समेटाचा आठवडा म्हणतो. ज्याचं ज्याच्याशी बिनसलंय त्यानं त्याच्या घरी जाऊन मिटवायचं. रविवारी भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब विचारतात, "कोणाचं कोणाशी काही उरलंय का?" उरलं असेल तर त्या दोघांनी त्या दिवशी भाकर घ्यायची नाही, असा नियम. प्रश्न आला की सगळे आपापल्या चपला बघतात. कोणी उभं राहिलेलं मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

या आठवड्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. मी मंडळीचा निवडलेला वडील, म्हणजे एल्डर. प्रभुभोजनाची ताटली फिरवायचा मान माझा. घरोघरच्या प्रार्थनासभांत माझा ठरलेला विषय म्हणजे पवित्र जीवन. आवाज चढवायचा नाही, वाकडा शब्द काढायचा नाही. समेटाच्या आठवड्यात मी अशा लोकांची क्षमा मागायला जायचो, ज्यांना आपलं काही भांडण आहे याचा पत्ताच नसायचा. गाझियाबादच्या कांबळेंना एकदा त्यांच्या घरी जाऊन म्हणालो, "तुमच्या गाण्याचा माझ्या मनात राग होता, मला क्षमा करा." तोवर कांबळे स्वतःला चांगले गायक समजत होते. मी हलक्या मनानं मेट्रोत बसलो. कांबळे पुढं वर्षभर गायले नाहीत.

उपवासकाळ

आजार सुरू झाला तो ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात. आजाराला याहून वाईट वेळ सापडली नसती, कारण त्या चाळीस दिवसांत जे काही वाईट होतं ते सैतानाच्या नावावर घालायची आम्हाला सवय.

आधी झोप गेली. मग नावं जाऊ लागली. समोर रोज बसणारा क्लार्क, त्याचं नावच आठवेना. घरात सारखा काहीतरी जळल्याचा वास यायचा. सुहासला दिवसातून दहा वेळा गॅस बघायला पाठवायचो. आणि राग. तो पायाच्या तळव्यातून निघायचा आणि डोक्यापर्यंत पोचायच्या आत हातात जायचा. खिडकी लावली म्हणून क्लार्कला स्टेपलर फेकून मारला. तो वाकला, कपाटाच्या पत्र्याला पोचा पडला. सिग्नलला मागून हॉर्न वाजवला म्हणून एका स्कूटरवाल्याला कॉलर धरून खाली ओढला आणि दोन ठोसे दिले. त्यानं हेल्मेट काढून तीन दिले. मग दिवा हिरवा झाला आणि आम्ही दोघं आपापल्या ऑफिसला गेलो. दिल्लीत याला आजार कोण म्हणणार?

मीही म्हटलं नाही. मी म्हटलं, ही परीक्षा आहे. पवित्र माणसावरच सैतान जास्त जोर लावतो, हे मी कितीतरी घरसभांत सांगितलं होतं. त्यामुळे थोडा सुखावलोही. एक वेळचं जेवण सोडलं, मग दोन्ही वेळचं. आत मेंदू सुजलेला आणि वर मी पाण्यावर.

"अहो, एकदा डॉक्टरला दाखवू या ना," सुहास म्हणाली.

"डॉक्टर काय करणार? हे आतलं युद्ध आहे."

"आतलं आहे तर बाथरूमचा आरसा कसा फुटला?"

यावर मी तिच्या अविश्वासाबद्दल मोठ्यानं प्रार्थना केली. रूथच्या देखत.

मग सुहासनं पाळकसाहेबांना बोलावलं आणि ती थप्पड झाली. जाताना पाळकसाहेब गाल चोळत म्हणाले, "साळवे, मी प्रार्थना करतोच आहे. पण तुम्ही जरा डोक्याचं स्कॅन करून घ्या." मला त्यांच्या अल्पविश्वासाची कीव आली.

शनिवार, सकाळचे अकरा

त्या शनिवारचं मला एकच आठवतं, कुकरची शिट्टी. बाकीचं मला सांगितलं गेलं, तेही तुकड्यांनी, आणि बराच काळ मी समजत होतो की सगळे तुकडे मिळाले.

रूथ फोनवर मैत्रिणीशी हसत होती. ती मला हसतेय असं मला वाटलं. मी गॅसवरचा कुकर उचलला, नुसत्या हातांनी, आणि तिच्याकडं फेकला. सुहासनं मध्ये हात घातला. मनगट मोडलं, गरम वरण दोघींच्या अंगावर उडालं. रूथच्या मानेवर त्याचा डाग अजून आहे. मग मी सुहासचे केस धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटू लागलो.

समोरच्या क्वार्टरमधले देशपांडे धावत आले. त्यांचा पुढचा दात मी पाडला. त्यांच्यामागून देशपांडे वहिनी लाटणं घेऊन आल्या. त्या नागपूरच्या, दर गुरुवारी उपवास करणाऱ्या, मुंगीलाही वाट देणाऱ्या. त्यांनी ते लाटणं माझ्या कोपरावर असं हाणलं की हात दोन दिवस वर गेला नाही. मग त्यांच्याच गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली आणि मला डायनिंगच्या खुर्चीला बांधलं.

पाळकसाहेबांना पुन्हा बोलवावं का, असं सुहास रडत विचारत होती. वहिनी म्हणाल्या, "सुहास, सैतान-बैतान काही नाही. भाऊजींचे डोळे बघ. माणूस घरातच नाहीये. अहो, उभे काय राहिलात रक्त पुसत, गाडी काढा!"

या बाईंचे उपकार मी कसे फेडू? ज्या घरांसाठी हे लिहितोय त्यांना एवढंच म्हणतो, प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

निदानाचा दिवस

कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न आला, "कितनी पी है?"

सुहास म्हणाली, "ये पीते नहीं हैं. चर्च के एल्डर हैं."

"मैडम, सब यही बोलते हैं."

मी बोलणाऱ्याच्या दंडाला चावलो. आमची बाजू आणखी कमकुवत झाली.

पहिले चार दिवस मला मनाच्या आजाराचा रोगी समजून गुंगीत ठेवलं. मग मेंदूच्या डॉक्टर आल्या. लहान चणीच्या, गळ्यात चष्मा, बोलणं तुटक. त्यांनी स्कॅन करवला, मला पोटाशी पाय घेऊन कुशीवर वळवलं, चौघांना माझ्यावर दाबून धरायला लावलं आणि पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढलं. ती सुई मला आठवते. नावं विसरलेल्या माणसाला नेमकं हेच का आठवावं, हे देवाला विचारायचं आहे.

दोन दिवसांनी त्यांनी सुहास आणि रूथला कॉरिडॉरमध्ये बोलावलं. "इनके दिमाग़ में सूजन है. शरीर की अपनी फ़ौज ने अपने ही दिमाग़ पर हमला कर दिया है. दुश्मन बाहर का नहीं है. इलाज लंबा है, पर है."

सुहास भिंतीला टेकून रडली. दुःखानं नाही, असं तिनं नंतर सांगितलं. त्या जनावराला नाव मिळालं म्हणून.

रूथनं मात्र वेगळंच विचारलं. "डॉक्टर, मतलब पापा बुरे आदमी नहीं हैं ना?"

डॉक्टर फाइल मिटत म्हणाल्या, "बेटा, वो मैं कैसे बताऊँ? बीमार हैं, इतना बता सकती हूँ."

हे रूथनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ते ऐकून माझ्या आत काहीतरी दगडासारखं बसलं आणि बसूनच राहिलं.

वॉर्ड

हात-पाय रुंद सुती पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले. मानेतल्या शिरेत नळी. तिच्यातून रक्त बाहेर काढायचं, यंत्रात त्यातलं विष वेगळं करायचं, पुन्हा आत सोडायचं. पहिल्या दिवशी एक पट्टी सैल राहिली तर मी नळी उपटली. रक्ताची चिळकांडी छताच्या पंख्यापर्यंत गेली आणि पंखा चालू होता. शेजारच्या पलंगावरचे सरदारजी मिरगीचे रुग्ण, ते सकाळच्या चहात माझं रक्त पडलं म्हणून उठून मला मारायला आले. त्यांना धरायला त्यांचे दोन मुलगे, मला धरायला दोन वॉर्डबॉय. सिस्टर मध्ये उभी राहून ओरडत होती, "ये अस्पताल है कि अखाड़ा?"

आखाडाच होता. एका दुपारी वॉर्डात एक म्हातारे गेले, तर त्यांच्या पुतण्यांनी खुर्चीनं दाराची काच फोडली आणि एका शिकाऊ डॉक्टरला जिन्यापर्यंत तुडवत नेलं. मी बांधलेला पडून ओरडत होतो, "मारो! और मारो!" पवित्र जीवनावरचे व्याख्याते.

मला आंघोळ घालायला रामफल यायचा. हरियाणाचा, पन्नाशीचा, रेड्यासारखे खांदे. त्याच्या अंगठ्याला मी चावलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "अंकल जी, मैंने तो कटखनी भैंसें दुही हैं. आप तो फिर भी पढ़े-लिखे हो." दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, अंगठ्याला पट्टी बांधून. रोज सकाळी अंग पुसून झालं की तो माझा उजवा हात दहा मिनिटं मोकळा सोडायचा आणि स्वतः मनगट धरून बसायचा. त्या दहा मिनिटांत मी नाक खाजवायचो. तुम्हाला सांगतो, आयुष्यभर मी देवाकडं काय काय मोठं मागितलं, पण त्या वॉर्डात नाक खाजवायला मिळाल्याबद्दल जे आभार मानले तसे कधीच मानले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डोक्यातलं धुकं थोडं विरलं. पलंगाशेजारी सुहास होती. तिच्या हाताला प्लास्टर.

"हाताला काय झालं गं?"

"पडले."

रूथ खिडकीशी उभी होती. ती वळली. "मम्मी, झूठ मत बोल यार. पप्पा, ते तुम्ही केलंत."

मी माझ्या बांधलेल्या हातांकडं पाहिलं. ते कोणा दुसऱ्याचे असावेत असं वाटलं, आणि तसं वाटणं फार सोयीचं होतं. तेव्हाच हेही दिसलं की सुहासचं स्टूल पलंगापासून लांब आहे. पट्ट्या पुरत्या ताणल्या तरी माझा हात पोचणार नाही, इतकं लांब. रोज ती आली की आधी पायानं स्टूल तेवढं मागं सारायची, मग बसायची.

आतून कडी

मे महिन्यात घरी आलो. सुहास आणि रूथ खोलीत झोपायच्या, आतून कडी लावून. मी हॉलमध्ये दिवाणावर.

सेवेत कसूर नव्हती. गोळ्या वेळेवर, पेज वेळेवर. स्टिरॉइडनं माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं तेव्हा रूथनं मला 'इडली पप्पा' असं नाव ठेवलं. पण मी पंख्याच्या बटणाकडं हात नेला की सुहासची मान आपोआप खांद्यांत जायची. ती बटाटे सोलत असो, फोनवर बोलत असो, मान जायचीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार परतूही शकतो. मला भीती वाटायची ती मरणाची नाही. एखाद्या सकाळी जळल्याचा वास येईल आणि मला गॅस बघायची आठवण होईल, याची.

आणखी एक गोष्ट होती. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आमच्या घरी एक ठरलेलं स्तोत्र म्हणतात, रूथ जन्मली तेव्हापासून. मी ते सुरू केलं की सुहास उठायची. कधी दूध बघायला, कधी दार लागलंय का ते बघायला. मी मनाशी म्हटलं, बिचारीचा विश्वास डळमळला. आणि काय केलं असेल? बरोबर. तिच्या विश्वासासाठी प्रार्थना सुरू केली.

समेटाचा आठवडा

ऑगस्टमधलं प्रभुभोजन आलं. मला ताटली पुन्हा हवी होती. आणि त्यासाठी आधी समेट हवा.

अशी नामी संधी मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. या वेळी माझी पापं खरी होती! पाळकसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "साळवे, मी केव्हाच विसरलो," आणि मी हात पुढं केला तेव्हा अर्धं पाऊल मागं सरकले. देशपांडे नवा दात दाखवत म्हणाले, "अहो, जुना किडकाच होता. डेंटिस्टचा खर्च तेवढा..." वहिनींनी डोळे वटारले. तो क्लार्क म्हणाला, "सर, बीमारी थी, इसमें आपका क्या कसूर?" सगळीकडून मला हेच मिळत गेलं, बीमारी थी, बीमारी थी. मी फुलत गेलो.

शुक्रवारी संध्याकाळी सुहास भेंडी चिरत होती. मनगट पुरतं बरं नव्हतं, सुरी डाव्या हातात.

"सुहास, मला क्षमा कर."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

"सगळं म्हणजे काय काय?"

"अगं, तो आजार होता. डॉक्टरांनीच सांगितलं ना?"

तिनं सुरी खाली ठेवली. "आजार होता तर क्षमा कशाची मागताय? आणि आजार नव्हता तर नुसतं 'सगळं' म्हणून कसं चालेल?"

"म्हणजे तू क्षमा करणार नाहीस?"

"मी अजून केलेली नाही. मला घाई करू नका."

यातला 'अजून' तेवढा मी उचलला. अजून नाही म्हणजे होणार. रविवारला दोन दिवस होते.

रविवार

उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं मला कसं तारलं ते सांगायला, उभा राहिलो. बोलण्यात मी कमी नाही. थप्पड सांगितली, लोक हसले, पाळकसाहेबही हसले. रामफल सांगितला, मानेसरच्या एका बाईंनी डोळे पुसले. मंडळी हातात आली की बोलणाऱ्याला कळतं. त्या उबेत मी म्हणालो, "ज्यांना ज्यांना या हातांनी दुखावलं त्या सर्वांनी मला क्षमा केली आहे. माझ्या पत्नीनंही मनापासून क्षमा केली आहे."

तिसऱ्या बाकावरून सुहास उभी राहिली.

"नाही केली."

कोणाचं तरी बाळ रडत होतं, त्याला आई बाहेर घेऊन गेली. पाळकसाहेब भाकरीजवळ उभे होते. "सुहासबाई, आपण हे नंतर..."

"पाळकसाहेब, तुम्ही दर वेळी विचारता ना, कोणाचं कोणाशी काही उरलंय का? माझं उरलंय."

माझे हात पुलपिटाच्या, उपदेशाच्या त्या लाकडी चौथऱ्याच्या, कडेवर होते. लाकूड करकरलं इतकं मी ते दाबलं. चाळीस माणसांसमोर! हिला दंडाला धरून फरफटत बाहेर न्यावं, दाराबाहेर एक ठेवून द्यावी, मग आत येऊन सांगावं की हिची तब्येत बरी नाही. हे सगळं, अगदी क्रमानं, माझ्या मनात आलं.

मी वास घेतला. काही जळत नव्हतं. समोरच्या प्रत्येकाचं नाव मला आठवत होतं, कांबळे, त्यांची बायको, त्यांची दोन्ही मुलं. तारीख ठाऊक होती. सकाळच्या गोळ्या पोटात होत्या. मेंदू ठणठणीत होता. हा राग कोणत्याही रिपोर्टात येणार नव्हता. हा माझा होता, बावीस वर्षं इस्त्री करून घातलेला, आणि आजारानं फक्त त्याची घडी मोडली होती. रूथनं डॉक्टरांना जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मला त्या पुलपिटावर मिळालं.

लाकडावरून एकेक बोट सोडवलं. खाली उतरलो. प्रभुभोजनाची ताटली कांबळेंच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, आणि चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला.

सुहास बाहेर गेली होती. अंगणात गाड्या लावतात तिथं, सिमेंटच्या ओट्यावर बसली होती. मी तिच्यापासून लांब उभा राहिलो, स्टुलाइतका.

"मला सांग, मी काय केलं ते," मी म्हणालो. "मला कुकरपर्यंतच ठाऊक आहे. आणि केस."

तिनं ते मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"तुम्ही मारत होतात आणि स्तोत्र म्हणत होतात."

"कोणतं?"

"आपलं. घरातलं. एक ओळ झाली की माझं डोकं भिंतीवर. मग पुढची ओळ. परत भिंत. चाल लावून, नीट. एक शब्द चुकला नाही तुमचा. मी ओरडत होते, अहो, मी सुहास, मी सुहास. माझं नाव तुम्हाला आठवत नव्हतं. स्तोत्र आठवत होतं."

"आणि रूथ?"

"तिनं कान झाकून घेतले होते. डोळे नाही."

आत मंडळीनं गाणं सुरू केलं. कांबळेंचा आवाज सगळ्यांच्या वर होता, आणि चांगला होता.

माझ्या तोंडात 'क्षमा' आलीच होती. सुहासनं हात वर केला. "आत्ता काही म्हणू नका. काय केलं ते तुम्हीच विचारलंत ना? मी अजून संपवलेलं नाही."

ती बोलत राहिली. शनिवारचं सगळं, मग त्याच्या आधीचं. आजाराच्या कितीतरी आधीचं. मी आवाज न चढवता चार-चार दिवस अबोला धरायचो ते. तिच्या चुकांसाठी लेकीसमोर देवाजवळ रदबदली करायचो ते. "मार बरा होता," ती एकदा म्हणाली, "त्याला निदान प्लास्टर घालता येतं." उपासना संपली, लोक बाहेर आले, आमच्याकडं न बघता आपापल्या गाड्या काढून गेले. रूथ आली, आम्हाला बघून परत आत गेली. ऊन ओट्यावरून सरकलं. मी उभाच होतो.

आता

गोळ्या कमी होत आल्यात. ऑफिसला जातो. प्रभुभोजन त्यानंतर एकदा झालं. आम्ही दोघांनी घेतलं नाही, मागच्या बाकावर बसून राहिलो. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला तेव्हा या वेळी आणखी दोघे जण उभे राहिले. मंडळीत थोडी घबराट आहे.

ते स्तोत्र आमच्या घरात आता कोणी म्हणत नाही. संध्याकाळची प्रार्थना सुहास करते. मी पवित्र जीवनावर बोलायचं सोडलंय. बोलावणी येतात, पण मी सांगतो, अभ्यास चालू आहे.

सुहासची प्रार्थना छोटी असते, किराण्याच्या यादीसारखी. माझ्या प्रार्थनेत पर्वत हलायचे. तिच्या प्रार्थनेत देशपांड्यांचा गुडघा असतो, रूथची परीक्षा, मानेसरला कामावरून काढलेले मंडळीतले दोघं भाऊ, रामफलच्या मुलीचं लग्न, आणि नळाला पाणी. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, ऑक्टोबरही गेला. मी रोज डोळे मिटून ऐकायचो. त्यात माझं नाव नसायचं. एकदाही विचारलं नाही, का नाही म्हणून. विचारायचं फार मनात यायचं.

परवा मंगळवारी ती देशपांड्यांच्या गुडघ्यापाशी आली, मग रूथची परीक्षा झाली, मग पाणी. 'आमेन'ची वेळ झाली. ती थांबली. रूथनं एक डोळा उघडून बघितलं असावं, कारण खुर्ची हलली.

"आणि प्रभाकर," सुहास म्हणाली.

प्रभाकरसाठी काय हवंय, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. रूथ मोठ्यानं "आमेन" म्हणाली, आणि सुहास उठून पोळ्या करायला गेली.